छायाच्या चाऱ्यात कोण बसते

नाचणगावच्या छायानं डुकरं पाळली तेव्हा पुऱ्या गावानं नाक मुरडलं. कास्तकाराची पोट्टी, अन् डुकरं! पण तसा गोठा देवळी तालुक्यात दुसरा दाखवा म्हणा कोणी. सिमेंटची जमीन, रोज धुतलेली. हॉटेलचं उरलेलं अन्न उकळल्याशिवाय जनावराच्या तोंडाले लागत नसे. वरून घरामागच्या वावराच्या तुकड्यातलं हिरवंगार गवत. तिची डुकरं नालीत तोंड घालणारी नव्हती. पुलगावचा मटणवाला भैयाजी दुसऱ्या कोणाचं जनावर पाहात नव्हता.

त्याचाच एक दिवस फोन आला. "ताई, लवकर ये. तुह्या डुकरात साबुदाना निघाला."

छाया गेली. मांडीच्या मांसात, जिभेत, जागोजाग पांढरे दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. तिचं डोकं फिरलं.

"पुरून टाका हे."

"पुरू काऊन? बारीक कापून मसाल्यात घातलं का कोनाले दिसते?"

"कोनं अर्धकच्चं खाल्लं तर पोटात किडा होते, भैयाजी!"

"गिऱ्हाइकाच्या पोटाचा ठेका मी घेतला का?"

छायानं कोपऱ्यातली फिनाइलची बाटली उचलली अन् मांसावर उपडी केली. "आता विका!" भैयाजी बोंबलत राह्यला. खोल खड्डा खंदून सगळं पुरलं तेव्हाच ती तिथून हलली.

पण आग विझली नव्हती. एवढी सफाई ठेवून माह्याच गोठ्यात हे आलं कुठून? तिनं जनावराच्या डॉक्टरले विचारलं.

"ज्या माणसाच्या पोटात किडा आहे, त्याच्या संडासातून अंडी पडतात," डॉक्टर म्हणाले. "ती डुकराच्या खाण्यात गेली की मांसात दाणे होतात. हाताला लागून माणसाच्या तोंडात गेली, तर तेच दाणे डोक्यात, अन् मग झटके. तुमच्या चाऱ्यात कोणीतरी बसतं, बाई."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच छाया गवताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन उभी राह्यली. गवत हललं. टमरेल घेऊन बाहेर आला तो तिचा बाप, बबनराव.

"बाबा! घरी संडास कायले बांधला?"

संडास तिच्या मोठ्या भावानं बांधला होता, सोताच्या हातानं. मिस्त्री पाहून गेला, त्याले एक खोट काढता आली नाई. बबनरावानं त्यात सरपणाच्या तुराट्या भरून ठेवल्या होत्या.

"बंद खोलीत मले होत नाई," बबनराव म्हणाला. "अन् किडा मले कायचा? मी का डुक्कर खातो? आपल्या चुलीवर आजलोक चढलं नाई."

हेच तो चौकातही मोठ्यानं सांगे. छायानं हाताले धरून त्याले दवाखान्यात नेलं. तपासणीत किडा निघाला.

"आता बोला."

बबनराव चपलेकडे पाहत म्हणाला, "भैयाजीच्या दुकानामागं, मंडळीत... निखाऱ्यावर दोन-चार तुकडे. आतून लाल असलं का नरम लागते ते."

"चौकात माह्या धंद्याले नावं ठेवता, अन् मागून कच्चं गिळता? लाज हाय का नाई?"

"बापासंग असं बोलते का?"

"बापानं असं केलं तर असंच बोलीन!"

गोळी तिनं आपल्या समोर गिळायला लावली. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. गवताचा पुरा तुकडा कापून जाळला. तुराट्या अंगणात भिरकावल्या. भैयाजीचा फोन आला, "ताई, जनावर कधी देतं?" तर ती फोनवरच कडाडली, "डॉक्टर म्हनतीन तेव्हा. तोवर एक शेपूट बाहेर जानार नाई. अन् दुकानामागचा तुमचा तो अड्डा पहिले बंद करा, नाई तर पुऱ्या बजारात सांगीन."

आता पहाटे ती काठी घेऊन धुऱ्यावर उभी राह्यते. बबनराव शिव्या देत संडासाकडे वळते.

"दार लावू का आतून, का तेही तूच लावतं?"

"लावा. अन् निंघाले का साबनानं हात धुवा. मी वास घेऊन पाहीन."