मांडीची खुर्ची

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये कोण कसं बसतं हे आमच्या घरमालकांइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यावं असं दुसऱ्या कुणाला कधी वाटलंही नसेल. आपण माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, फार तर आवाज. ते बैठक लक्षात ठेवत. कुणाचं नाव निघालं की क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "हां, तो. डावीकडे कलते तो." मूळचे नागपूरचे. इथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण रक्ताबद्दल ते चकार शब्द काढत नसत. आम्ही नवरा-बायको इथे नवे होतो, तेव्हा त्यांचं बेसमेंट भाड्याने मिळतंय असं कळलं म्हणून बघायला गेलो. नोकरी कुठे, किती दिवस राहणार, घरात मासे शिजवणार का, असलं काहीही न विचारता त्यांनी आम्हाला गालिच्यावर बसायला सांगितलं. आम्ही बसलो. ते आमच्याभोवती एक चक्कर मारून आले, वाकून माझे गुडघे पाहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "चांगले लोकं आहेत. दे किल्ली." काकू ओले हात पुसत आल्या आणि त्यांनी किल्ली दिली. त्या दिवसापासून ते आमचे काका झाले.

काकांचं म्हणणं असं, की या देशाने आपल्याला सगळं दिलं, पण मांडी काढून घेतली. सोफ्यावर मांडी घातली तर माणूस आत रुततो, जेवणाच्या खुर्चीवर घातली तर गुडघे बाहेर लोंबतात, आणि जमिनीवर बसावं तर थंडी हाडात शिरते. यावर उपाय म्हणून त्यांनी गराजमध्ये स्वतःच्या हाताने एक खुर्ची केली. बुटकी, ऐसपैस, हात गुडघ्यांच्या बाहेरून वळसा घेऊन येणारे, आणि पाठ अशी की माणूस पोथी वाचायला बसल्यासारखा ताठ राहावा. ती ज्याने त्याने पाहिली, बसून पाहिली, आणि हळूहळू हॅलिफॅक्समधल्या बहुतेक मराठी घरांत काकांची एक तरी खुर्ची जाऊन पोचली. पण सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची त्यांना मान्य नव्हती. "खुर्ची चपलेसारखी असते," ते सांगत. "दुसऱ्याची घालून देवळाबाहेर पडता येते. पण लांब नाही जाता येत." म्हणून प्रत्येक माणसासाठी ते वेगळे फर्मे काढत. पातळ प्लायचे किंवा सीरियलच्या खोक्यांचे आकार कापायचे, ते लाकडावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर करवत चालवायची. काम झालं की फर्मे गराजच्या भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवत. प्रत्येकावर नाव आणि एक शेरा. 'जोशी, उजवा गुडघा उंच.' 'कुलकर्णी वहिनी, विणकाम करतात, कोपरं मोकळी ठेवणे.' 'पाटील, बसल्यावर झोपतात.' भिंती भरल्यावर फर्मे छताला लागले, छत भरल्यावर जमिनीवर आले, आणि गाडी कायमची बाहेर गेली. हिवाळ्यात रोज सकाळी काका गाडीवरचं बर्फ शोव्हल करत, पण फर्म्यांना धक्का लावत नसत.

गणपतीला हॉलमध्ये सगळे जमले की काकांच्या अंगात यायचं. आरतीत लोक मूर्तीकडे बघत, काका आरतीनंतर कोण कसा खाली टेकतो याची वाट बघत. पंगत बसली की खिशातून शिंप्याची टेप काढून मागून चालत जात. एका नवपरिणीत मुलाची बायको पहिल्यांदाच सगळ्यांना भेटायला आली होती; तिच्या मागे उभे राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, की मुलगी नवऱ्यापेक्षा चांगली बसते. समोर एक निवृत्त कोळी राहायचा, इथलाच, धिप्पाड. त्यालाही त्यांनी मांडी शिकवली. तो बसला, छान बसला, पण त्याला उठताच येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. काकांनी एक पाय आणि मी दुसरा असे आम्ही ते सोडवले, तोवर काकूंनी त्याला बसल्या जागी पोहे खाऊ घातले. भला माणूस, त्याने तरीही खुर्ची करून घेतली. पुढे तिच्यात त्याचं कुत्रं बसायला लागलं. काकांच्या कानावर ते आलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते तडक जाऊन कुत्र्याची बैठक बघून आले आणि म्हणाले, की मापाला बरोबर आहे.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, काकांनी ते कधी उच्चारलं नाही. बोलताना हात खिशात ठेवू लागले, एवढंच. एकदा करवत निसटली. बोट वाचलं, पण गराजची किल्ली त्यानंतर काकूंकडे गेली. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्पटनहून त्यांची मुलगी आली आणि आठवडाभराच्या बोलण्यातून ठरलं, की घर विकायचं आणि दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं. तिच्या टाउनहाउसलाही गराज होतं, पण त्यात गाडीच राहणार होती. फर्म्यांचं काय करायचं हे कुणी विचारत नव्हतं. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, हे सगळं डिजिटाइज करून घेऊ या ना. मग व्हेनेव्हर, कुणालाही खुर्ची कट करून मिळेल." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण जहाजांच्या आतल्या लाकडी सामानाची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढणं हीच माझी नोकरी आहे. शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटर होता. कॉम्प्युटरमधली रेघ वाचून तो फिरत्या पात्याने फळी तशीच्या तशी कापतो. मी काकांना हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे हाताचं काम नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी खिशातला हात खिशातच ठेवून मान हलवली.

त्या वसंतातले आमचे रविवार गराजमध्ये गेले. मी फर्मा पांढऱ्या कागदावर सपाट ठेवायचा, शेजारी मोजपट्टी, बरोबर वरून फोटो घ्यायचा, मग त्या फोटोवर कडेकडेने रेघ ओढायची. सोपं काम. पण काका स्टूल घेऊन शेजारी बसत आणि स्क्रीनवरच्या प्रत्येक वळणासाठी भांडत. अर्धी बाजू काढून दुसरी आरशासारखी उलटवावी म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. जगात एकही माणूस दोन्हीकडे सारखा बसत नाही म्हणाले. एखादा खडबडीत भाग मी गुळगुळीत करायला गेलो की, "तू काय करून राहिला? ती चूक नाही, तो जोशींचा गुडघा आहे." मग जोशींच्या गुडघ्याची हकीकत व्हायची, चहा व्हायचा, आणि एक फर्मा पुरा व्हायला दुपार जायची. काही माणसं गाव सोडून गेली होती, काही जगच. त्यांचेही फर्मे काढायचेच असा काकांचा हट्ट होता. त्यांची खुर्ची आता कोण करणार आहे, असं मी एकदा विचारलं. करणार कोणीच नाही, ते म्हणाले, पण त्या माणसांना पुसून कशाला टाकायचं?

भिंत रिकामी होत आली तेव्हा माझ्या बायकोने सहज विचारलं, की काकूंचा कुठला? काका म्हणाले, मागे असेल. आम्ही मागे पाहिलं. मग त्यांनी स्वतः उठून कोपऱ्यातला गठ्ठा पाहिला, छताकडे पाहिलं, पुन्हा तोच गठ्ठा पाहिला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"शोधू नका," त्या म्हणाल्या. "माझा नाही काढला तुम्ही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी कप वाटले. माझ्या बायकोला हसत हसत सांगितलं, की दर वर्षी हे म्हणायचे थंडी सरली की तुझी, आणि थंडी सरेस्तोवर कुणीतरी नवीन माणूस यायचं. त्या वर गेल्यावर काकांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. मग टेप घेऊन जिना चढले.

आम्ही मागोमाग गेलो. काकूंना त्यांनी सोफ्याच्या कडेला बसवलं आणि स्वतः त्यांच्यापुढे खाली बसले. आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, "घाल मांडी." आणि मग थांबले. काकूंचे दोन्ही गुडघे मागेच बदलले होते. इस्पितळात त्यांच्या उशाशी काकाच होते, घरी आल्यावर धरून चालायला लावणारेही काकाच. पण हातात टेप असताना ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता नाही होत हो मांडी माझ्याच्यानं," काकू म्हणाल्या. "साधीच करा. पाय खाली सोडायची."

साधी खुर्ची काकांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी मापं घेतली, पुठ्ठा मागवला, आणि मला हात लावू दिला नाही. कात्री त्यांनीच चालवली. तो फर्मा स्क्रीनवर आला तेव्हा त्याच्या कडेला सगळीकडे बारीक लाटा होत्या, पाण्यावर असतात तशा. मी रेघ जशीच्या तशी ओढायला लागलो. काका म्हणाले, "सरळ कर."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती लाट तिची नाही. ती माझी आहे. काढून टाक."

मी ती काढली.

वर्कशॉपमध्ये कानांवर आवाज रोखणारी टोपणं लावून काका मशीनसमोर उभे राहिले. पातं प्लायवरून फिरत गेलं, भुसा उडाला, आणि काकांना चष्मा पुसून पुन्हा लावायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पाठीचा आकार सुटून आला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. गाडीत ते बाहेर बघत होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "एवढंच काम होतं. मी उगाच थंडी सरायची वाट पाहिली."

मागच्या महिन्यात कामासाठी टोरोंटोला गेलो होतो, तेव्हा ब्रॅम्पटनला त्यांना भेटून आलो. मुलगी कामावर होती. काका वाळले आहेत, डावा हातही आता हलतो. इथे आजूबाजूला बसणारे लोक पुष्कळ आहेत पण त्यांच्याकडे बघावंसं वाटत नाही, असं म्हणाले. काकूंची खुर्ची समोरच्या खिडकीत होती, ऊन येतं तिथे. नव्यासारखी होती. मी ती छान दिसते म्हटलं, तर काकांनी आवाज खाली आणला. "बसत नाही रे ती. दोन मिनिटं बसते आणि काहीतरी आठवून उठते. तिला सवयच नाही. मी लावलीच नाही."

तेवढ्यात काकू आल्या, माझी विचारपूस केली आणि चहा ठेवायला वळल्या. काकांनी त्यांना थांबवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. चहा आपण करतो म्हणाले. काकू कडेवर टेकल्या, अर्धवट, कुणी हाक मारली तर उठता यावं अशा. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. साखर कुठल्या डब्यात, आलं कुठे, दूध उतू जाईल, हे त्या बसल्या जागेवरून सांगत होत्या आणि दर वाक्याला थोड्या उठत होत्या. मी म्हटलं, बघतो मी. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि मागे टेकल्या.

काका ट्रे घेऊन आले. निम्मा चहा ट्रेमध्ये सांडला होता, उरलेला फिकट होता, आणि साखर बहुधा दोनदा पडली होती. खिडकीबाहेर शाळेची पिवळी बस येऊन गेली. काकूंनी पाय नीट खाली टेकवले, कप दोन्ही हातांत धरला, आणि तो चहा त्यांनी बसूनच प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत.