तोक्योच्या घड्याळातले आजोबा

वसईचा लेस्ली आखातात, झल्लाकच्या हॉटेलात केक करतो. हात असा गोड, की माहूजच्या त्याच्या बिल्डिंगीत त्याच्या केकशिवाय वाढदिवस म्हणून साजरा होत नाही. पण अभिमान विचाराल तर केकचा नाही, आजोबांचा! इनासबाबा मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. दुसऱ्या महायुद्धात तेरा मार्चच्या रात्री जपानी पाणबुडीनं अरबी समुद्रात बोट बुडवली आणि बाबा गेले. ना कबर, ना क्रूस. दरवर्षी त्या तारखेला त्यांच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा होते, तेवढीच काय ती खूण.

आणि दैवाची गंमत बघा, लेस्लीच्याच वरच्या मजल्यावर राहायला आले मोरितासाहेब! जपानी नौदलातले निवृत्त अधिकारी, त्या युद्धातल्या पाणबुड्यांचा इतिहास लिहीत बसलेले.

लेस्लीनं धीर करून विचारलं, "साहेब, आमच्या बाबांचं नाव घालाल पुस्तकात?"

साहेबांनी कागद चाळले. "जागा जुळते. पण आमच्या नोंदीत बोटीचं नाव नाही, आणि तारीख चौदाची पहाट आहे. अंदाजानं मी कुणाचं नाव लिहीत नाही."

"चार तासांसाठी एवढा ताठा?" घरी लेस्लीची बायको डॉली त्याच्यावरच उखडली. "बोट काय दोनदा बुडाली?"

लेस्लीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या जवळ येऊन बाबा परत बुडाले म्हणायचे!

पुढं साहेबांनी तोक्योतल्या मुलीच्या वाढदिवसाचा केक सांगितला. कापायचा इथं, तिनं बघायचा फोनवर. लेस्ली संध्याकाळी केक घेऊन वर गेला, तर साहेब सुरी घेऊन तयार.

"अहो, वाढदिवस उद्या ना?"

"तिकडे मध्यरात्र उलटली. तोक्योत उद्या लागलासुद्धा," साहेब म्हणाले, आणि सुरी हवेतच राहिली. "लेस्ली! त्या काळी आमचं नौदल जगात कुठंही असो, घड्याळ तोक्योचंच. नोंदीतली चौदाची पहाट म्हणजे तुमच्या समुद्रावरची तेराची रात्र! जन्मभर हेच शिकलो, आणि नेमका इथं विसरलो."

फोनवर मुलगी केक, केक म्हणून ओरडतेय, आणि हा ताठ कण्याचा माणूस लेस्लीपुढं कमरेत वाकलेला.

यंदा पुस्तक आलं, सगळं जपानीत. साहेबांनी नावावर बोट ठेवून दाखवलं, 'इनास, भंडारी'. तेव्हापासून लेस्लीच्या घरी चहा हवा असेल तर आधी ते पान बघावं लागतं.

"अहो, उलटं धरलंय," डॉली म्हणते.

"असू दे. सुलटं धरलं तरी बाबा, उलटं धरलं तरी बाबाच!"