व्हिन्सेंटच्या मानेचं औषध

एका खोलीत राहून, कंपनीच्या एकाच बसमध्ये अकरा वर्षं शेजारी बसलं की किस्से साठणारच! माझ्याकडचे निम्मे व्हिन्सेंटचे आहेत. पूर्वी ते सांगताना मी फार हसायचो.

व्हिन्सेंट वसईचा, इथे आखातात मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. त्याला टुरेट सिंड्रोम आहे. मान आपोआप झटकते आणि तोंडातून मोठ्याने "हुप्!" निघतं. नव्या ड्रायव्हरला, खानभाईला, वाटलं कोणीतरी बस थांबवायला सांगतंय. गेटपर्यंत तीनदा ब्रेक! शेवटी व्हिन्सेंटच म्हणाला, "खानभाई, ये मेरा हॉर्न है. यल्ला, चलो!"

*

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत वसईला त्याच्याकडे जेवायला गेलो. आयुर्वेदिक डॉक्टरने त्याला भांगेचं तेल चिठ्ठीवर दिलं होतं. आपल्याकडे ते चालतं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण त्याला पडलं. अख्खं जेवण झालं, एक झटका नाही! आई त्याच्या मानेकडेच बघत राहिली आणि त्या नादात माझ्या ताटात तीनदा सुरमई वाढली.

*

परतल्यावर त्याने इथल्या डॉक्टरला सरळ विचारलं. भल्या माणसाने आधी उठून केबिनचं दार लावलं. "भाई, इधर पकड़े गए तो जेल. दोबारा नाम भी मत लेना!"

मग पुन्हा जुन्या गोळ्या. त्या घेतल्या की व्हिन्सेंट ड्रॉइंगवरच पेंगतो. एकदा पाण्याच्या टाकीची बाहेरची शिडी त्याने आत काढली! साहेब म्हणाले, "हबीबी, चढ़ेगा कौन, मछली?" सगळे हसले. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते.

*

सुट्टीवरून येणाऱ्याने दुसऱ्याच्या घरचं पार्सल आणायचं, हा इथला रिवाज. नाही म्हणायचं नाही. यंदा मी एकटाच गेलो होतो. निघताना व्हिन्सेंटच्या आईने सुक्या बोंबलांचं पार्सल दिलं. बॅग भरताना उघडलं, तर आत मोज्यात गुंडाळलेली तेलाची बाटली! मी ती मोरीत ओतली. त्या माउलीला सांगायची हिंमत काही झाली नाही.

व्हिन्सेंटला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. आईला मात्र कळू देऊ नकोस."

आता दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. दहा मिनिटं तो मान घट्ट धरून बसतो. कॉल संपला की तासभर झटके थांबत नाहीत. मी शेजारीच बसलेला असतो.

परवा आई अगदी स्क्रीनजवळ आली. "बघ, किती शांत झाली मान! आता सुट्टीवर कोण येतंय रे? त्याच्याकडे दोन बाटल्या देते!"