गाडीला झेंडूचा हार

दसऱ्याला मी गाडीला झेंडूचा हार घालत होतो. तेवढ्यात काका सोनं द्यायला आले अन् गाडीकडे पाहून म्हणाले, "मजा आहे बाप्पा तुमची! माझा भाऊ तर जन्मभर सायकलचीच पूजा करत राहिला."

माझं डोकंच सटकलं. ही गाडी मी काय हौसेनं घेतली? राज्य नवं झालं अन् आमचं ऑफिस उचलून शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब, नव्या रायपुरात नेलं. तिथं रस्ते मैदानासारखे रुंद, पण बसचा पत्ता नाही. बाबांचं ऑफिस सायकलनं दहा मिनिटांवर होतं. त्यांनी एकट्याच्या पगारात चौबे कॉलोनीत हे घर बांधलं, वर दर दसऱ्याला सदर बाजारातून आईसाठी सोन्याचा एक मणी आणला.

"काका," मी म्हणालो, "आम्ही नवरा-बायको दोघंही कमावून राहिलो, तरी राहतो बाबांच्याच घरात. आता सांगा, मजा कोणाची होती?"

 काकांनी आपट्याची दोन पानं माझ्या हातावर ठेवली. त्या दसऱ्याला आमच्या घरात आलेलं सोनं तेवढंच.