रेघेच्या आत

सिन्नर रोडच्या पंपावर पेट्रोलचा वास आला की मला अण्णांची बोटं आठवतात. पंचवटीत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि सुटे भाग अण्णा पेट्रोलमध्ये धुवायचे.

जन्मभर लोकांची घड्याळं केल्यावर त्यांनी एक स्वतःसाठी आरपार करायला घेतलं. आतली पितळी प्लेट आखलेल्या रेघेवरून केसाएवढ्या करवतीनं कापत जायची, म्हणजे फिरती चाकं बाहेरून दिसतात. कापताना ते श्वास रोखायचे. कीस उडू नये म्हणून पंखा बंद असायचा.

एका दुपारी त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि प्लेट माझ्यापुढे धरली.

“बघ गं, रेघेच्या आतच आहे ना?”

करवत रेघेबाहेर गेली होती. चाकाला धरणारी बारीक दांडी तुटली होती.

“हो, अण्णा.”

तेव्हा वाटलं, मी त्यांना सांभाळून घेतलं. पण तुटलेली दांडी त्यांच्या बोटांना कळली नसेल? ते प्लेटचं विचारतच नव्हते, डोळ्यांचं विचारत होते. खरं सांगितलं असतं तरी काही जुळलं नसतं.

त्यांनी प्लेट फडक्यात गुंडाळली. “पंखा लाव,” म्हणाले.

त्यानंतर दुकानातला पंखा कधी बंद करावा लागला नाही.