अक्कांचं अस्तर

अक्का गेल्या त्या दिवशी माझं काही बदललं नाही. बदललं ते काल दुपारी, शर्वरी "अपसायकल्ड" म्हणाली तेव्हा.

इतकी वर्षं जीव टाकत होतो या मुलीवर. एका शब्दात खलास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अक्का म्हणजे चेन्नईत, मैलापूरला, माझ्या घरमालकीणबाई. तंजावरकडच्या मराठी. जुनं, तमिळ मिसळलेलं मराठी बोलायच्या, मधूनच 'रे'च्या जागी 'डा', आणि लहान मुलींचे कपडे शिवायच्या. झबली, फ्रॉक, पट्टुपावाडै. म्हणजे आपलं रेशमी परकर-पोलकं.

त्या गेल्यापासून सगळे लिहितायत, "किती गोड होत्या."

गोड? अक्का?

थर्ड इयरला इंजिनिअरिंग सोडलं ते त्यांना सांगितलं, तर मशीनवरची मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. कॉलेज सुटलं बिचारं."

आणि शर्वरीच्या ऑर्डरचे कपडे घेऊन निघालो की मागून हाक, "पळ, पळ. ती तुझ्याकडे बघत नाही डा, तुझ्या बाईककडे बघते. दार ओढून घे!"

दार मी रोज उघडंच टाकायचो. ओएमआर रस्त्याने शोळिंगनल्लूरला, शर्वरीकडे पोचायची घाईच तेवढी.

शर्वरी नाशिकची. आयटीतली नोकरी सांभाळून मुलींच्या हँडमेड कपड्यांचं पेज चालवणारी. तिच्या हातात सुई मी एकदाच पाहिली, रील शूट करताना. शिवायच्या अक्का, पोचवायचो मी, आणि खाली "मेड बाय मी, विथ लव्ह" लिहायची ती.

आता अस्तराचं.

जरी टोचते. मानेला, काखेत. पोरगी रडायला लागते आणि आई म्हणते, फोटो होईपर्यंत थांब गं. अक्कांचा या आयांवर भयंकर राग. "पोरीस टोचतं ते टोचतं, हिला लाइक पाहिजे!"

म्हणून त्या आतून जुन्या वेष्टीचं अस्तर लावायच्या. वेष्टी म्हणजे धोतर. वर्षानुवर्षं धुऊन सायीसारखं झालेलं.

एका कस्टमरबाईंनी कौतुकाने विचारलं, "आंटी, ही कुठली मलमल?"

"माझ्या नवऱ्याचं वेष्टी," अक्का म्हणाल्या. "वारला तो. त्याला आता नको."

संपलं.

मेलेल्या माणसाचं कापड आमच्या मुलीच्या अंगाला! अशुभ! अनहायजिनिक! कस्टमरांच्या ग्रुपवर आग लागली. त्याच संध्याकाळी शर्वरीची पोस्ट: "एका व्हेंडरकडून गंभीर चूक झाली आहे. तिच्याबरोबरचं काम आम्ही थांबवत आहोत."

व्हेंडर.

जिच्या शिवणीवर पेज उभं राहिलं, ती व्हेंडर.

परत आलेले कपडे पिशव्या भरभरून अक्कांच्या दारात आले. त्या एकेक उलटा करून अस्तर उसवत बसल्या. रडल्याबिडल्या नाहीत.

"मेलेल्याचं नको म्हणतात," म्हणाल्या. "मग त्या रेशमातले किडे कुठे आहेत रे? शाळेत?"

पण त्यानंतर मशीनवर चादर पडली ती पडलीच.

मी म्हटलं, शर्वरी घाबरली असेल. प्रेमात पडलेला माणूस फुकटचा वकील असतो.

मग अक्का हॉस्पिटलमध्ये, आणि मग अक्का नाहीत.

आणि मग तुम्ही सगळे. हात जोडलेले, मेणबत्त्या, पांढरी हार्ट्स. जिने फ्रॉक चिमटीत धरून परत पाठवला होता, तिची कमेंट वाचली मी: "सच अ प्युअर सोल." ताई, तुम्हाला आठवतही नाही ना?

तेरावं झाल्यावर अक्कांचा भाचा घर रिकामं करत होता. वेष्ट्या माझ्या हातात देऊन म्हणाला, "जुनंच आहे, कुणाला तरी देऊन टाक."

काल शर्वरीचा फोन. "ये ना. बोलायचंय. आणि अक्कांच्या त्या वेष्ट्या तुझ्याकडे आहेत ना? घेऊन ये. आठवण म्हणून."

मला वाटलं, तिला रडायचंय.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हो, हसा.

स्टुडिओत अक्कांचा फोटो. फोटोला मोगऱ्याचा हार. हारासमोर रिंग लाइट.

"अक्का कलेक्शन!" शर्वरी म्हणाली. "आत अपसायकल्ड हेरिटेज लायनिंग. लोकांना ना, स्टोरी हवी असते."

"अशुभ होतं ना ते?"

"अरे, तेव्हा नीट सांगितलं नव्हतं कुणी. पॅकेजिंग असतं सगळं."

"आणि ती व्हेंडरवाली पोस्ट?"

"केव्हाच डिलीट केली! तू पण ना." मग तिने माझं मनगट धरलं. "ऐक. सोड ना ते. आपण दोघं मिळून करू हे. तू आणि मी."

आपण दोघं.

हे ऐकण्यासाठी ओएमआरचं ऊन किती खाल्लं, मलाच माहीत. खोटं कशाला बोलू, वेष्ट्यांची पिशवी देण्यासाठी हात थोडा पुढे गेलासुद्धा.

तेवढ्यात ती कॅमेऱ्यामागच्या पोराला म्हणाली, "हार जरा डावीकडे घे. अक्कांचा चेहरा कट होतोय."

मी मनगट सोडवलं.

"काय झालं? किती पैसे हवेत सांग ना," ती म्हणाली.

शर्वरी, तू हे वाचशीलच, आणि वेष्ट्या कुठे आहेत ते विचारशीलच, म्हणून सांगून टाकतो. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला नात झालीय. तुझं हेरिटेज लायनिंग सध्या तिच्या ढुंगणाखाली आहे. मस्त झोपते. टोचत नाही.

आणि काल तू मागून हाका मारत होतीस तेव्हा मी थांबलो होतो, ते तुझ्यासाठी नाही. तुझं ते काचेचं दार आपटताच येत नाही. वरचं यंत्र त्याला सावकाश, सभ्यपणे लावतं. मला तेवढा दम नव्हता. बाहेरून हँडल धरलं आणि सगळा जोर लावून बंद केलं. आत तुझे ओठ हलत होते. ऐकू काही आलं नाही.

अक्का, नीट जा.

या वेळी दार ओढून घेतलंय.