माळ्यावरचा ठेवा

पुण्यात आता विद्यापीठं बरीच झाली आहेत. त्यांतल्या ज्या एकाने माझ्या वडिलांचे कागद नेले, त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तिथे कोणालातरी आपण प्रसिद्ध झालो असं वाटेल.

वडील कथा लिहीत. पाटबंधारे खात्यात नोकरी, पहाटे उठून लेखन, मग डबा घेऊन ऑफिस. त्यांच्या चांगल्या कथा या काळातल्या. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. ऑफिसातून रद्दीत जाणारे पाठकोरे कागद ते घरी आणायचे. एका बाजूला कालव्याचे नकाशे नाहीतर पाणीपट्टीचे तक्ते, आणि दुसऱ्या बाजूला कथा. कथा छापून आली की आई तेच कागद शेगडी पेटवायला घ्यायची आणि वडिलांना त्याचं काही वाटत नसे. जे वाचले ते ट्रंकेत विसरले म्हणून वाचले.

पुढे दिवाळी अंकांतून नाव झालं, संग्रह निघाले, कार्यक्रमांना बोलावणी येऊ लागली. निवृत्तीनंतर एक दिवस वर्तमानपत्रात बातमी आली की त्यांच्या एका ज्येष्ठ लेखकमित्राची हस्तलिखितं आणि पत्रं एका विद्यापीठाने जतन करायला नेली. सोबत फोटो होता. त्या दिवसापासून वडील बिघडले.

त्यांनी कार्बन पेपर आणले. कोणालाही पत्र लिहिलं की त्याची प्रत ठेवायची, कोपऱ्यात तारीख आणि खाली पूर्ण सही. सिलिंडर वेळेवर येत नाही म्हणून गॅस एजन्सीला पत्र लिहिलं, त्यातसुद्धा ‘मानवी प्रतीक्षेचं स्वरूप’ असा शब्दप्रयोग होता. आईने ते वाचून एवढंच विचारलं, “याने सिलिंडर येईल का?”

“उद्या अभ्यासकांना लागेल,” वडील म्हणाले.

“त्यांना लागेल तेव्हा लागेल. मला आत्ता वाण्याची यादी लिहायला कागद लागतोय.”

आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. तिला त्याची गरज पडत नसे. वडील मात्र त्यानंतर घरात असे वावरू लागले की जणू कोणीतरी मागून टिपून घेतंय. जुन्या रोजनिशीत त्यांनी मजकुराची भर घातली. माझ्या लग्नाच्या दिवशीच्या पानावर पूर्वी फक्त ‘जेवण बरं झालं’ असं होतं. त्याखाली आता कन्यावियोगावर अर्धं पान आलं, वेगळ्या शाईत.

ते गेल्यावर पुण्यातल्या त्या विद्यापीठाचे मराठी विभागप्रमुख घरी आले. सोबत एक तरुण अध्यापिका होत्या. प्रमुखांनी पाणी घेतलं, तसबिरीला नमस्कार केला आणि म्हणाले, “सरांचा हा ठेवा आता समाजाचा आहे, बाई.”

“ठेवा माळ्यावर आहे,” आई म्हणाली. “शिडी आणते.”

ट्रंका खाली काढल्या. प्रमुखांनी सतरंजीवर दोन ढीग घातले, एक वाङ्मयीन आणि एक घरगुती. कुठल्यातरी संपादकाचं ‘अंक पोचला का’ एवढंच विचारणारं कार्ड वाङ्मयीन ढिगात गेलं. माझ्या वेळच्या बाळंतपणात आईने माहेराहून लिहिलेली पत्रं घरगुती ढिगात. “ही आपल्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली. “म्हणजे मी घरगुती.”

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

पुढे समारंभ झाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि वडिलांच्या कादंबऱ्यांनी मराठी माणसाला कसं घडवलं यावर बराच वेळ बोलले. वडिलांनी जन्मात कादंबरी लिहिली नव्हती. विभागप्रमुखांनी पाहुण्यांना चिठ्ठी वगैरे काही पाठवली नाही, उलट मान डोलावली. लवकरच स्वतंत्र दालन उभं राहील असं जाहीर झालं. आईची दानपत्रावर सही झाली, तिला शाल आणि नारळ मिळाला. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “कादंबऱ्या कुठे लपवल्या होत्या कोण जाणे.” नारळाची तिने दुसऱ्या दिवशी चटणी केली.

मग बरीच वर्षं काही नाही. आम्हीही विचारलं नाही. मला वाटायचं, दालन आहे, कागद आहेत, माणसं येऊन वाचत असतील.

एक दिवस एका तरुणाचा फोन आला. तो लोणी काळभोरच्या शेतकरी घरातला. वाघोलीच्या एका कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता आणि वडिलांच्या कथांवर पीएच.डी. करत होता. विद्यापीठात असे कागदच नाहीत असं त्याला सांगितलं होतं. मी त्याला आईच्या घरी बोलावलं. आईने त्याला चहा दिला आणि विचारलं, “यांच्यावरच का?”

“मोठे लेखक संपले ना, आजी. सगळ्यांवर झालीय पीएच.डी.,” तो म्हणाला.

आईला तो तिथेच आवडला असावा, कारण दुसरा चहा तिने न विचारता केला.

आम्ही तिघं विद्यापीठात गेलो. विभागाने ग्रंथालयात पाठवलं, ग्रंथालयाने भांडारात. भांडाराच्या कारकुनाने मला अर्ज करायला सांगितला. “आपला त्यांच्याशी संबंध?”

“मुलगी.”

“तसा काही पुरावा?”

“मी आहे की,” आई म्हणाली. त्याने किल्ली काढली.

जिन्याखालची खोली होती. शर्यतीचे लाकडी अडथळे, गॅदरिंगचे पडदे, मोडकी बाकं, आणि त्यांच्यामागे आमच्या ट्रंका. आईने बांधलेली सुतळी तशीच होती, एकही गाठ सुटलेली नव्हती. एका ट्रंकेवर शिपायांनी चहाची शेगडी मांडली होती. ती उचलायला लावली. भिंतीकडच्या एका ट्रंकेत वाळवी शिरली होती. बाकीच्या सुक्या होत्या, हे खोलीचं नशीब. विद्यापीठाचा त्यात काही वाटा नव्हता.

विभागप्रमुख आता नवे होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि ते फार सौजन्याने बोलले. “डिजिटायझेशनचा प्रस्ताव आम्ही वर पाठवलेला आहे.”

“वाळवीला कळवलंत का तसं?” आईने विचारलं.

मी म्हणाले, “आमचे कागद आम्हाला परत द्या.”

“तसं करता येत नाही, ताई. दानपत्रावर आईंची सही आहे. कागद आता विद्यापीठाची मालमत्ता आहेत.”

“मग मालमत्तेवर चहा करू नये,” आई म्हणाली. “एक टेबल द्या आणि खोलीची किल्ली द्या. लावून देते मी.”

नाही म्हणायला त्यांना कोणालातरी विचारावं लागलं असतं. म्हणून ते हो म्हणाले.

आई रोज जाऊ लागली. तिचं घर कात्रजकडे, तिथून दोन बस बदलून. मी रजा असेल तेव्हा जायची. तो तरुण तास संपवून यायचा. आम्ही ब्रशने माती झाडायचो, चिकटलेली पानं सोडवायचो, गठ्ठे मलमलीत बांधून आत कडुनिंबाचा पाला ठेवायचो. विभागातली मंडळी दारातून डोकावून ‘छान चाललंय’ म्हणत आणि जात. कोणी खुर्ची ओढून बसलं नाही. मला त्या माणसांची कीव आली असती, पण त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं त्याने कीवही येऊ दिली नाही.

कार्बन प्रतींची ट्रंक निघाली तेव्हा आईने पाच-सहा वाचल्या आणि सगळा गठ्ठा कचऱ्याच्या टोपलीत ठेवला.

“आई, बाबांचं आहे ते.” मी चिडले होते.

“तुझ्या बाबांचं नाही. हे त्यांच्या पुतळ्याने लिहिलंय.”

कारकुनाने जाऊन सांगितलं असावं, कारण प्रमुख लगबगीने आले. “बाई, हे संशोधनाचं साहित्य आहे. असं टाकता येत नाही.”

“इतकी वर्षं संशोधन कशावर करत होतात?”

तेवढ्यात त्या तरुणाने टोपलीतून गठ्ठा उचलला. “आजी, टाकू नका. हे कुणी वाचलेलंच नाय. याच्यावर आख्खं प्रकरण होतंय माझं.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. “घ्या,” ती म्हणाली. “तुमची नोकरी पक्की झाली पाहिजे.”

त्याच आठवड्यात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा हाती आला. आईने वरचा कागद उचलला. मागे कालव्याचा नकाशा होता. ती खिडकीकडे वळून वाचू लागली आणि एक पूर्ण कथा वाचेपर्यंत थांबली नाही. मी आणि तो तरुण हातातलं काम सोडून उभे होतो. वाचून झाल्यावर तिने पानं टेबलावर ठोकून सरळ केली.

“हा माणूस बरा होता,” ती म्हणाली. मग तिने मलमलीचा तुकडा मागितला आणि तो गठ्ठा स्वतः बांधला. कोणाला हात लावू दिला नाही. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मला वडिलांचा राग येत होता आणि फार आठवणही येत होती.

पावसाळ्याआधी काम संपलं. कागद आता तिथे दोन लोखंडी कपाटांत आहेत, नीट. विभागाच्या वार्षिक अहवालात ‘विभागाने परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला संग्रह’ असा त्यांचा उल्लेख झाला, आणि प्रमुखांनी कपाटापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोच्या दिवशी आम्हाला बोलावणं नव्हतं. ते बरंच झालं. आईला पुन्हा शाल घ्यावी लागली असती.

त्या तरुणाला पदवी मिळाली. तो पेढे आणि प्रबंधाची प्रत घेऊन घरी आला. ऋणनिर्देशात विभागप्रमुखांच्या ‘अमोल सहकार्या’बद्दल एक परिच्छेद होता, आणि शेवटी ‘लेखकाच्या कुटुंबीयांचेही’ असे दोन शब्द होते. तो ओशाळला होता. “सरांचं नाव घ्यावंच लागतं, आजी. व्हायव्हाला तेच होते.”

“कळतं मला. पेढा चांगला आहे,” आई म्हणाली. मग प्रबंध चाळत तिने विचारलं, “याची प्रत विद्यापीठात द्यावी लागते का?”

“हो. कंपल्सरी असतंय.”

“मग घरी एक जास्तीची काढून ठेवा,” ती म्हणाली, आणि त्याला आणखी एक पेढा दिला.